पाळणाघर, आबा आणि पेंडीचा काटा

झुंबरबाईंचा आवाज असा, की पाळणाघरातून त्या "हात धुवा!" म्हणून ओरडल्या की रस्त्यानं जाणारा माणूसही आपले हात बघतो. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या आम्हा बायकांची बारा पोरं त्या सांभाळतात.

तीन वर्षं घरात काढून मी कारखान्यात परत रुजू झाले आणि सासरे, म्हणजे आमचे आबा, पेटले. "आमी काय मेलोय व्हय? पोरगं परक्याच्या दारात?" खरं तर घरी मोबाईल लावल्याशिवाय आमचा विश्वजित तोंड उघडत नव्हता, आणि आबाच घास घेऊन त्याच्यामागं अंगणभर पळत होते. पण त्यांचं जनावरांच्या सरकी पेंडीचं दुकान. पोती वजन करायच्या काट्यावर त्यांचा देवापेक्षा जास्त विश्वास. त्यांनी नातवाला काट्यावर उभं केलं. तेरा किलो दोनशे. "म्हैन्यानं परत बघायचं. घटलं, तर नोकरी बंद." नवरा पंख्याकडं बघत बसला. असा संताप आला मला!

झुंबरबाईंना सांगितलं, तर त्या हसल्याच. "मी कुणाला भरवत न्हाई बाई. ताट म्होरं ठेवतो. भूक लागली की पोरगं खातंय." चार दिवस विश्वजितनं भाकरीकडं ढुंकून पाहिलं नाही. मी कारखान्यात रडले. पाचव्या दिवशी शेजारच्या पोरीनं त्याच्या ताटातला गूळ पळवला, तेव्हा कुठं साहेब जेवायला बसले.

महिना भरला. विश्वजित आपला आपण काट्यावर चढला. तेरा किलो शंभर. आबांनी चष्मा पुसून आकडा पुन्हा वाचला. ते बोलणार, एवढ्यात विश्वजितनं त्यांचं बोट धरलं आणि थेट झुंबरबाईंच्या थाटात ओरडला, "आबा, आता तुमचा नंबर. ढकलायचं न्हाई." आबांनी चपला काढल्या, काट्यावर चढले आणि उतरले.

जेवताना त्यांनी सवयीनं घास करून नातवापुढं धरला. "मी खातो की," म्हणत विश्वजितनं स्वतःची भाकरी मोडली, आमटीत बुडवली, निम्मी सदऱ्यावर सांडली आणि खाल्ली. मोबाईल कोपऱ्यात तसाच पडून होता. आबांचा हात तिथंच राहिला. मला फार वाईट वाटलं, आणि हसूही येत होतं.

शेवटी तो घास त्यांनी स्वतःच खाल्ला. पाणी प्याले. माझ्याकडं न बघता म्हणाले, "उद्या कामावर किती वाजता जायचं तुला?"