कड्याखालची म्हैस

हे लिहायला बसलो खरा, पण आधी क्षमा मागतो. आमच्या घरात रजेचा अर्ज आणि लग्नपत्रिकांवरचे पत्ते यापलीकडे कुणी काही लिहिलेलं नाही. कॉलेजात जाणारा मी पहिलाच. माझं मराठीही भोपाळचं, मध्येच हिंदी शिरते. गिधाडांवर लिहिण्याइतकं मला कळत नाही. एका म्हशीचं जे झालं तेवढं सांगतो, कारण त्यात चूक माझीही होती.

आम्ही भोपाळच्या बाग सेवनिया भागात राहतो. बाबा एका खासगी जनावरांच्या डॉक्टरांकडे मदतनीस आहेत. शिक्षण आठवीपर्यंत, पण हात इतका हलका की सुई टोचली तरी गाय मान वळवून पाहत नाही. डॉक्टर शहरातच बसतात; आसपासच्या गावांत बाबा जातात.

मी प्राणिशास्त्र शिकतो. दुसऱ्या वर्षी गिधाडांच्या गणनेत स्वयंसेवक म्हणून नाव दिलं. केरवा धरणाच्या बाजूला एक कडा आहे, त्याच्या पायथ्याशी थंडीत उजाडायच्या आत जाऊन बसायचं. तिथल्या वनरक्षकांनी पहिल्याच दिवशी नियम सांगितला : बसलेलं गिधाड मोजायचं, उडणारं नाही. उडणारं पुढच्या कड्यावर जाऊन बसतं आणि दोनदा मोजलं जातं. त्या कड्याच्या एका कपारीत घरटं होतं. नर-मादी आळीपाळीने पिल्लापाशी बसायचे. ही गिधाडं वर्षाला एकच अंडं घालतात, हे मला तिथे कळलं. त्या पांढुरक्या लवेच्या गोळ्याकडे मी दुर्बिणीतून इतका वेळ पाहत बसायचो की वनरक्षक हसायचे.

गणना संपल्यावर आम्हाला गावांमध्ये पाठवलं. डायक्लोफिनॅक हे माणसांच्या अंगदुखीवरचं औषध जनावरांना द्यायला बंदी आहे. ते टोचलेलं जनावर दोन-तीन दिवसांत मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, तर गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात. हे मी कितीतरी गोठ्यांसमोर उभं राहून, अडखळत, सांगितलं. घरी सांगितलं नाही. बाबांची बॅग दाराशी खुंटीला असायची. ज्या बॅगेच्या जोरावर मी शिकतोय ती उघडून तपासणं मला उद्धटपणाचं वाटायचं. शिवाय मनाची समजूत घातली होती की बाबा ते वापरतच नसतील.

एप्रिलमधला रविवार होता. दुपारी जेवताना बाबा आईला म्हणाले, "कड्याजवळच्या अम्माची म्हैस गेली गं. परवा सुई दिली तर उठून उभी राहिली होती, चाराही खाल्ला."

मी विचारलं, "कोणती सुई, बाबा?"

"दुखण्यावरची. नेहमीची."

"जनावरांची की माणसांची?"

"माणसांची. ती लवकर लागू पडते. का रे?"

मी ताटाकडे बघत सगळं सांगितलं. बाबा रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "तुला कधीपासून माहीत आहे हे?"

"जानेवारीपासून."

"गावभर सांगत फिरलास," आई म्हणाली, "बाप तेवढा राहिला."

बाबांनी अर्धी पोळी तशीच ठेवून हात धुतला. मेलेलं जनावर त्या गावात कुठे टाकतात ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. कड्याखालच्या मोकळ्या रानात. मी वनरक्षकांना फोन लावला आणि आम्ही स्कूटीवर निघालो.

पोचलो तेव्हा वनरक्षक काठी घेऊन म्हशीपाशी उभे होते. सागाच्या वाळक्या झाडावर पाच गिधाडं बसली होती, मान खाली घालून, वाट पाहत. मी सवयीने मोजली आणि मग मोजल्याची लाज वाटली.

"एक उतरा था," वनरक्षक म्हणाले. "थोडा खा गया."

कोणतं, ते त्यांना सांगता येईना. आमची नजर एकदमच कपारीकडे गेली. पिल्लू एकटंच होतं.

म्हैस पुरायची म्हटल्यावर अम्मा तयार होईना. तिच्या सासऱ्यांच्या काळापासून जनावर गिधाडांनाच द्यायची रीत. "गिद्ध खाए तो पुन्न लगता है, भैया. मिट्टी में क्यों दबाऊँ अपनी लच्छो को?"

तिच्या शेजारी उभा असलेला दूधवाला मला म्हणाला, "वाह, बेटा चार किताब पढ गया तो बाप को सुई लगाना सिखाएगा."

बाबा अम्मासमोर जाऊन उभे राहिले. म्हणाले, "अम्मा, गलती हमारी है. वो सुई गिद्ध के लिए जहर है. सुई हमारी थी, गड्ढा भी हम खोदेंगे." आणि खरंच तिच्या गोठ्यातली कुदळ घेऊन खणू लागले. उन्हाने जमीन दगड झाली होती. मीही फावडं घेतलं. तासाभरात गुडघाभरसुद्धा खड्डा झाला नाही. तेव्हा तोच दूधवाला पुटपुटत गेला आणि तलावाच्या कामावरचा जेसीबी घेऊन आला. अम्माने घरातलं खडेमीठ आणून खड्ड्यात स्वतःच्या हाताने टाकलं. माती लोटली तेव्हा तिने डोळ्यांना पदर लावला. बाबा तिच्याशेजारी उभे होते, पण तिच्याकडे बघत नव्हते.

दुसऱ्या दिवशी बॅगेतल्या उरलेल्या त्या बाटल्या बाबांनी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवल्या आणि बदल्यात गिधाडांना न बाधणारं मेलॉक्सिकॅम मागून घेतलं. आता गोठ्यात शिरल्यावर आधी ते अम्माच्या म्हशीची गोष्ट सांगतात, स्वतःचं नाव न वगळता. माझ्यापेक्षा त्यांचं लोक जास्त ऐकतात.

माझी परीक्षा जवळ आली होती, कड्यावर जाणं जमेना. वनरक्षकांचा एक-दोन दिवसांआड फोन यायचा. पहिल्या आठवड्यात कपारीत मोठं गिधाड एकच दिसलं. पुढेही एकच. दुसऱ्याचं काय झालं ते कुणालाच कळलं नाही. कड्याखाली शोधलं, काही सापडलं नाही. एकट्याच्या चाऱ्यावर पिल्लू जगेल का, हे विचारायचं मी टाळायचो. बाबा मात्र रोज संध्याकाळी चप्पल काढता काढता विचारायचे, "काही कळलं?"

शेवटचा पेपर देऊन बाहेर आलो तर मोबाइलवर वनरक्षकांचे तीन मिस्ड कॉल होते. कॉलेजच्या फाटकाशी उभं राहून मी फोन लावला. मी काही विचारायच्या आतच ते म्हणाले, "कपारवाले बच्चे को अब मत गिनना. सुबह उड गया."