दत्ताभाऊंचं ‘नाही’

फेब्रुवारीतल्या एका दुपारी दत्ताभाऊंच्या मुलीचा, केतकीचा फोन आला. “सुहासकाका, बाबा पास्ड अवे धिस मॉर्निंग... आई ओके आहे. डोन्ट रश, रोड्स आर व्हेरी बॅड.” मी तरी निघालोच. ब्रॅम्पटनहून व्हिटबीपर्यंत गाड्या मुंगीच्या पावलांनी चालल्या होत्या आणि काचेवर बर्फ आपटत होता. डोक्यात मात्र एकच गोष्ट. या माणसाला मला काहीतरी सांगायचं होतं आणि मी ते सांगू दिलं नव्हतं. आता सहा आठवडे झाले. ती गोष्ट काही पाठ सोडत नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

दत्ता वानखडे मूळचे नागपूरचे. परदेशातल्या आमच्या या महाराष्ट्र मंडळात मी आलो तेव्हापासून हा माणूस कायम हॉलच्या मागच्या बाजूला दिसायचा. खुर्च्या लावणं, कॉफीचं भांडं तापवणं, कार्यक्रम संपल्यावर, हॉल म्हणून भाड्यानं घेतलेल्या शाळेच्या जिमची फरशी पुसणं. आणि पंगतीत वाढणं. आमच्याकडे वाढणं म्हणजे आग्रह. समोरचा ताटावर आडवा हात धरणार, आपण त्या हाताच्या फटीतून श्रीखंड सोडणार, यालाच आपण प्रेम म्हणतो. दत्ताभाऊ एकदाच विचारायचे. हात आडवा आला की पुढच्या ताटाकडे. मी पुण्याचा, गप्प बसणं जमत नाही. म्हटलं, “भाऊ, तुमच्या वाढण्यानं लोक उपाशी घरी जातील.” ते शांतपणे म्हणाले, “नाही म्हणाला ना तो? मग झालं तर.”

काही वर्षांपूर्वी मंडळात दोन तट पडले. जुने विरुद्ध नवे, नाटक विरुद्ध ऑर्केस्ट्रा, आणि खरं सांगायचं तर अहंकार विरुद्ध अहंकार. मंडळ फुटायला आलं होतं. दोन्ही बाजूंना चालेल असं एकच नाव होतं. “दत्ताभाऊंना अध्यक्ष करा,” ही कल्पना माझी. ते आधी हसले, मग म्हणाले, “मले नाही जमत, बाप्पा. मागं राहून करतो ना सगळं.” आम्हाला वाटलं, विनय आहे. दुसऱ्यांदा नाही म्हणाले तेव्हा आमचा हुरूप वाढला. रोज ईमेल, घरोघरी फोन, मुलांनी केलेले कागदी बिल्ले. इथे निवडणुकीत लोक अंगणात पाट्या लावतात, तशी मीही एक लावली. ‘अध्यक्ष : दत्ताभाऊ’. शेजारच्या गोऱ्या आजोबांनी फावड्यानं बर्फ काढता काढता विचारलं, हा कुठल्या पार्टीचा? मी म्हटलं, कुठल्याच नाही, म्हणून तर हवाय. स्वतःच्याच उत्तरावर मी खूश होतो.

मग एका रविवारी दुपारी आम्ही पाचजण सह्यांचे कागद घेऊन त्यांच्या घरी धडकलो. दोन्ही तटांच्या साठ-सत्तर सह्या, इंग्रजी, मराठी, काही लहान मुलांच्यासुद्धा. त्यांनी एकेक पान हळूहळू पाहिलं. तिसऱ्यांदा ‘नाही’ म्हणाले. बाकीचे नाराज होऊन बूट घालायला लागले. दत्ताभाऊंनी माझी बाही धरली. “थांब जरा. तुला एक सांगायचंय.”

“आधी हो म्हणा, मग काय ते सांगा,” मी म्हटलं. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

त्यांनी माझी बाही सोडली. म्हणाले, “बरं. हो.” दारातच टाळ्यांचा गजर झाला. मालतीवहिनी चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत. मला वाटलं, नवरा आता घरी मिळायचा नाही म्हणून रुसल्या असतील. एवढी माझी अक्कल.

वसंत गेला, उन्हाळा गेला. दर रविवारी आम्ही त्यांच्या बेसमेंटमध्ये बैठकीला जमायचो. ते सगळ्यांना ‘राजा’ म्हणायला लागले होते. ये राजा, बस राजा. बायकांनासुद्धा. मंडळात केवढा जिव्हाळा आला, असं आम्ही एकमेकांना सांगायचो.

गणपतीत त्यांनी स्टेजवर कार्यकर्त्यांचं कौतुक करायचं होतं. पहिला मीच. त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभा. “आणि हे आपले...” ते म्हणाले. थांबले. “हे आपले...” लोकांना वाटलं, माझी फिरकी घेतायत. हॉल हसला. मीही हसलो. मग मी त्यांचे डोळे पाहिले. ते माझ्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होते आणि त्यांना ते सापडत नव्हतं. मी पुटपुटलो, “सुहास.” ते माइकमध्ये म्हणाले, “थँक्यू, राजा.”

त्या दिवशी पंगतीत ते वाढायला आले नाहीत. गाडीत बसून होते. पार्किंगमध्ये मालतीवहिनी मला म्हणाल्या, “दोन वर्षं झाली, सुहास. डॉक्टरांनी सांगितलंय, हे वाढतच जाणार. मागं राहिलं की कोणाचं नाव घ्यावं लागत नव्हतं त्यांना. खुर्च्या लावायला नावं लागत नाहीत. तेवढं चालेल तितके दिवस चालू द्यायचं होतं.”

दत्ताभाऊंनी राजीनामा दिला आणि त्यानंतर मंडळात पाऊल ठेवलं नाही. स्टेजवरून उतरून पुन्हा मागच्या कोपऱ्यात जाता येत नाही, सगळे बघतात. त्यांनी जपलेला तो कोपरा आम्ही प्रेमानं, टाळ्या वाजवून काढून घेतला. आणि सगळ्यांत पुढे मी होतो.

नंतरची काही वर्षं मी अधूनमधून जायचो. शेवटचा गेलो तेव्हा त्यांनी मला ओळखलं नाही, पण पाहुणा आलाय हे कळलं. “जेवून जा,” म्हणाले. मी सवयीनं म्हटलं, “नको भाऊ.” त्यांनी मान हलवली आणि खिडकीबाहेर बघायला लागले. पुन्हा विचारलं नाही. त्यांनी आणखी एकदा विचारावं म्हणून मी अर्धा तास तिथेच बसून राहिलो.

तेराव्याला मालतीवहिनींनी एक पाकीट हातात ठेवलं. आमचेच सह्यांचे कागद. होकार दिल्यानंतर दत्ताभाऊंनी ते ठेवून घेतले होते आणि प्रत्येक सहीपुढे पेन्सिलीनं बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं होतं. बैठकीला लोक येण्याआधी ते पाठ करत बसायचे, वहिनी म्हणाल्या. ‘अंजली – मोठ्यानं हसते, मुलगा वॉटर्लूला शिकतो.’ ‘प्रकाश – टक्कल, तबला.’ ‘शुभदा – चहात साखर नाही.’ कागद हाताळून मऊ पडले आहेत.

आता ते माझ्या टेबलाच्या खणात असतात. रविवारी दुपारी, बैठकीच्या वेळेला, हात आपोआप खणाकडे जातो. मी एकच ओळ वाचतो आणि पान मिटतो. पहिल्या पानावर, सगळ्यांत वर, माझी भलीमोठी सही आहे. तिच्यापुढे लिहिलंय, ‘सुहास – पुण्याचा. डावखुरा. फार बोलतो. याला सांगायचंय.’