लोड टाका, मग बोलू

दादा गेला. आज सकाळी, जिन्यात बसल्या बसल्या.

टाईप करतेय, पण खरं वाटत नाहीये. कालच फोनवर मला चहा कसा उकळायचा यावरून अक्कल शिकवत होता.

माझा मोठा भाऊ, सुधीर. हिंजवडीला सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये होता. दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढायचा पगार मिळायचा, घरी तीच सेवा फुकट.

त्याच्या वॉशिंग मशीनचा किस्सा तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी ऐकलाय. उरलेल्यांनी आज ऐका.

कर्वेनगरच्या फ्लॅटमधलं त्यांचं मशीन मध्येच बंद पडायचं. रोज नाही, त्याच्या मनात आलं की.

मेकॅनिक आला की मात्र गुणी बाळासारखं चालायचं. तो रिकामं मशीन फिरवून बघायचा आणि म्हणायचा, "सर, काहीच प्रॉब्लेम नाहीये."

वहिनी नवीन मशीन घ्यायला निघाली. दादाने सुट्टी टाकली आणि ड्राय बाल्कनीत प्लॅस्टिकचं स्टूल घेऊन मशीनसमोर ठाण मांडलं.

साध्या धुण्याला ते कधीच थांबत नाही, चादरी आणि गरम पाणी असलं की थांबतं, हे त्याने हेरलं.

पुढच्या वेळी मेकॅनिक आला तेव्हा चादरींची बादली तयार होती.

दादा म्हणाला, "रिकामं मशीन कुणाचंही नॉर्मलच चालतं. लोड टाका, मग बोलू."

मेकॅनिकला चहा देऊन बसवून ठेवलं. पाणी तापलं, आणि मशीन त्याच्या डोळ्यांदेखत बंद पडलं.

मागचा प्लग काढला तर पिन काळी पडलेली. सॉकेट सैल होतं. लोड आला की तापायचं, कनेक्शन तुटायचं. गार झालं की पुन्हा सगळं ठीक.

सॉकेट बदललं, मशीन सुधारलं. हा किस्सा दादाने भाऊबीजेला पाटावर बसून सांगितला. मी निरांजन हातात घेऊन ताटकळत उभी.

गेल्या महिन्यात सोसायटीची लिफ्ट बंद होती. जिना चढताना दादाच्या छातीत दाटून आलं. मध्येच पायरीवर बसला. थोड्या वेळाने पुन्हा सगळं ठीक.

वहिनी त्याला धरून डॉक्टरकडे घेऊन गेली. मला फोनवर म्हणाला, "ईसीजी नॉर्मल आहे गं. उगाच घाबरता तुम्ही."

माझा जीव भांड्यात पडला.

आज हॉस्पिटलच्या बाकावर वहिनीने उरलेलं अर्धं सांगितलं.

ईसीजी झोपवून काढला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, हा आडव्या माणसाचा रिपोर्ट आहे, ट्रेडमिलवर चालवून बघायचंय, लगेच या.

दादा म्हणाला, ऑफिसचं सॉफ्टवेअर रिलीज होऊन जाऊ दे.

मी सुन्न झालेय. ज्या माणसाने मेकॅनिकचं "काहीच प्रॉब्लेम नाही" एकदाही ऐकून घेतलं नाही, त्याने स्वतःच्या बाबतीत त्याच वाक्यावर विश्वास ठेवला.

त्याला कळलं नसेल असं कसं म्हणू? हे त्याच्याइतकं कुणाला कळत होतं?

राग येतोय दादाचा. फार राग येतोय.

सकाळी मशीन लावून भाजी आणायला खाली गेला. लिफ्ट पुन्हा बंद. उशीर झाला, तेव्हा वहिनीला वाटलं जिन्यात कुणाशी तरी वाद घालत बसला असेल.

भाजीची पिशवी शेजारी नीट उभी करून ठेवली होती म्हणे.

संध्याकाळी वैकुंठ स्मशानभूमीतून परत आलो. ड्राय बाल्कनीत मशीन तसंच, आत चादरी. धुऊन, पिळून तयार. कुठेही थांबलं नव्हतं.

मी एकेक चादर झटकून वाळत घातली. दुसरं काही सुचेना.

खाली कमेंट्समध्ये सगळे भावपूर्ण श्रद्धांजली लिहितील. लिहा. माझा हात अजून धजत नाही.

लोड टाका, मग बोलू, म्हणायचास ना?

आता कुणाशी बोलू, दादा?