वाळलेल्या साबणाचं वजन

साबण वाळला की हलका होतो, हे घरातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. कळत नव्हतं ते फक्त कायद्याला, आणि त्याचा भुर्दंड पडला मावशीला.

मावशी म्हणजे अख्ख्या गल्लीची मावशी. नवरा गेल्यावर तिने घरामागच्या खोलीत साबण करायला घेतला, त्याला चौदा वर्षं झाली. मदतीला नणंद. तेलात कॉस्टिक सोड्याचं पाणी घालून ढवळायचं, लाकडी साच्यात ओतायचं, दुसऱ्या दिवशी तारेने वड्या कापायच्या आणि सहा आठवडे फळ्यांवर वाळत ठेवायच्या. घाईने विकलेला साबण चार दिवसांत विरघळतो, म्हणून मावशी सहा आठवड्यांच्या आत कुणाला वडीला हात लावू द्यायची नाही. वडी कापायची एकशे बारा ग्रॅमची. कागदात गुंडाळताना एकेक वडी काट्यावर ठेवून बघायची. एकशे तीनच्या खाली एकही उतरत नसे. कागदावर छापलेलं असे शंभर. वरचे तीन ग्रॅम तिने स्वतःच्या समाधानासाठी सोडलेले होते. तिला ते कुणी मागितलेले नव्हते.

कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानदाराने तिची एक वडी काचेच्या कपाटात शोभेला मांडली होती. दोन वर्षं ती तिथे ऊन खात बसली होती. वजनमापे खात्याचा तपासनीस दुकानात आला आणि त्याने नेमकी तीच वडी उचलली. भरली त्र्याण्णव ग्रॅम.

"साहेब, ती विकायची नाही, नुसती मांडलीय," दुकानदार म्हणाला.

"किंमत छापलीय ना तिच्यावर? मग विकायलाच आहे."

आठवड्याभरात नोटीस आली. 'कमी वजनाचा माल देऊन ग्राहकांची फसवणूक.' मावशीने ती ओळ उभ्याने वाचली, मग बसून वाचली. दंडाचा आकडा खाली लिहिला होता, किरकोळच होता, तिकडे तिचं लक्षही गेलं नाही.

"फसवणूक?" ती म्हणाली. "मी?"

"अहो वहिनी, छापील असतं ते सगळं," नणंद म्हणाली. "सगळ्यांना तेच पाठवतात."

"मग सगळ्यांनी ऐकून घ्यावं. मी नाही घेणार."

दुसऱ्या दिवशी पिशवीत ताजी वडी, सहा आठवड्यांची वडी, वर्षाची वडी आणि घरचा काटा घेऊन बाई खात्यात हजर. पहिल्या खिडकीने दुसरीकडे पाठवलं, दुसरीने तिसरीकडे, तिसरीवरचा माणूस जेवायला गेलेला. तो आला तेव्हा त्याने आधी नोटिशीची झेरॉक्स मागितली, मग झेरॉक्सवर सही मागितली, आणि मग सांगितलं की हे साहेबांकडे जाईल, परवा या. परवा साहेब दौऱ्यावर होते. तेरवा होते, पण बैठकीत. माणसाला त्रास द्यायचा म्हणून कुणी मुद्दाम ठरवून बसलं असतं ना, तरी इतकं व्यवस्थित जमलं नसतं.

पाचव्या खेपेला साहेब भेटले. माणूस वाईट नव्हता, आणि हीच खरी पंचाईत. वाईट असता तर मावशीला निदान भांडता आलं असतं. त्यांनी तिन्ही वड्या काट्यावर ठेवू दिल्या, चष्मा कपाळावर सारून आकडे बघितले आणि मान डोलावली.

"बरोबर आहे तुमचं. साबण वाळतो. म्हणून तर नियमात साबणाला सवलत आहे. पॅक करतानाचं वजन धरतात."

मावशीच्या जिवात जीव आला. "मग झालं तर! खोडा ती नोटीस."

साहेबांनी फाईल पुढची-मागची उलटली. "पण तुमचा साबण कागदावर साबण नाही ना."

"म्हणजे?"

"तुमची नोंदणी आहे 'हस्तकलेच्या वस्तू' म्हणून. त्यांना ही सवलत नाही."

चौदा वर्षांपूर्वी नोंदणीच्या खिडकीवरच्या कारकून बाईने विचारलं होतं, कारखाना आहे का? मावशी म्हणाली होती, नाही बाई, घरच्या खोलीत हातानेच करते. त्या बाईने आपल्या मनाने 'हस्तकला' या रकान्यात खूण केली होती आणि वर म्हणाली होती, यात कटकट कमी असते.

"मग आता बदला की."

"खटला चालू असताना नोंदणी बदलता येत नाही."

"आणि खटला कशामुळे? नोंदणी चुकली म्हणूनच ना? हे काय चाललंय हो?"

साहेबांनी पेन बंद केलं. "मावशी, दोन मार्ग आहेत. चूक मान्य करून सही करा, आजच्या आज सुटाल. नाहीतर सुनावणी लावा. सात-आठ महिने जातात, आणि तोवर विक्री बंद." मग जरा आवाज उतरवून म्हणाले, "आमच्या घरीही तुमचाच साबण आहे."

"मग कधी कमी वाटला?"

"घरी कोण मोजतंय, मावशी."

मावशी काटा पिशवीत घालून तशीच उठली. संध्याकाळी घरात तोंडाला तोंड लागलं. मावशी म्हणाली, मी मरेन पण सही करणार नाही. नणंद आधी समजावत होती, मग तिचाही पारा चढला.

"चारशे वड्या पडल्यात फळ्यांवर. आठ महिने काय करायचं त्यांचं? माझं घर याच्यावर चालतं, वहिनी. तुमच्या ताठ मानेवर नाही चालत."

नणंदेचा नवरा दोन वर्षं घरी बसून होता, हे मावशीला कुणी सांगायला नको होतं. तिला राग आला तो नणंदेचा नव्हे. तिचं बरोबर होतं याचा राग आला.

सकाळी जाऊन तिने सही केली. 'कमी वजन दिल्याचे मान्य आहे,' या वाक्याखाली. मग शिपायाने एक गुळगुळीत छापील कागद हातात ठेवला. तो तीस दिवस विक्रीच्या जागी, नजरेच्या उंचीवर लावायचा होता. 'या विक्रेत्याने कमी वजनाचा माल विकल्याचे मान्य केले आहे.'

"दाराच्या मागे लावू," नणंद म्हणाली. "कोण बघतंय?"

"नियमात नजरेची उंची आहे ना? मग नजरेच्याच उंचीवर," मावशी म्हणाली, आणि चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी लावून तिने तो दारावर पक्का बसवला.

दुपारी समोरच्या बाई आल्या. निवृत्त शिक्षिका. पहिल्या साच्यातली पहिली वडी त्यांनीच नेली होती, तेव्हापासून दर महिन्याला दोन. त्यांनी कागद वाचला, सवयीने पुन्हा वाचला आणि कपाळावर हात मारला.

"काय हा मूर्खपणा! अहो, तुमच्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही तर कुणावर ठेवणार? फाडून टाका ते."

"फाडता येत नाही, बाई. तीस दिवस."

"नसते कागदी घोडे. द्या, माझ्या दोन द्या."

नणंदेने दोन वड्या पुढे केल्या. बाई सरकारला नावं ठेवतच होत्या. बोलता बोलता त्यांनी एक वडी पिशवीत टाकली. दुसरी तळहातावर ठेवली, हात जरासा खालीवर केला, अंदाज घेतल्यासारखा, आणि मग तीही पिशवीत टाकली.

बाईंच्या ते लक्षातही आलं नसावं. मावशी मात्र उठून मागच्या खोलीत गेली आणि फळ्यांकडे तोंड करून उभी राहिली. सुट्टे पैसे द्यायला नणंदेने दोनदा हाक मारली, तरी ती बाहेर आली नाही.