परदेशी न्यायाधीश आणि आमचा बांध

मी वकिलीच्या पहिल्या वर्षाला होतो. कडावला आमची आणि काकांची भातखाचरं लागून, मध्ये एक बांध. दर पावसाळ्यात नांगरताना बाबा तो या बाजूने कोरत, काका त्या बाजूने. शेवटी त्यावरून खेकडाही जपून चालायला लागला. सख्खे भाऊ, पण तीन वर्षं बोलणं बंद. काकूच्या हातचं खायला मला चोरून जावं लागे. फार राग यायचा मला दोघांचा.

एका रविवारी मी ओटीवर शहाणपणा पाजळत होतो. फ्रान्सचा एक न्यायाधीश आहे. आधी प्राध्यापक, मग त्यांच्या सरकारचा कायद्याचा सल्लागार, आता जागतिक न्यायालयात देशादेशांच्या हद्दी ठरवतो. शेजारच्या ओटीवर काकांनी कान टवकारले.

“त्याची हिकडं कुठं सोयरीक नाय ना?” बाबांनी विचारलं.

“फ्रान्सचा आहे, बाबा.”

“मंग बरा. आपला सरपंच तुझ्या काकाच्या मेव्हण्याचा व्याही हाय.”

मग स्थळ बघावं तशी चौकशी सुरू झाली, तीही माझ्यामार्फत. “सरकारचा सल्लागार हुता? म्हंजी मोठ्याच्या बाजूनं बोलणार,” काका मला म्हणाले. “त्याला सांग, आधी मास्तर हुता, सरळच असंल,” बाबा मला म्हणाले.

त्याच्याकडे बांध न्यायचा तर काय करायचं, ती अट मी सांगितली: दोन्ही पक्षांनी एकत्र बसून, आमचं भांडण आहे, असं एका कागदावर लिहून द्यायचं. ते न्यायालय फक्त देशांसाठी असतं, एवढं मात्र मी गिळलं.

कागदाला चार संध्याकाळी लागल्या. भांडण कधी सुरू झालं यावरूनच दोघे भांडले, पण समोरासमोर. काकूने चहा आणला. शेवटचं कलम बाबांचं: निकाल लागेपर्यंत बांधाला कुणी नांगर लावायचा नाही. दोघांनी सह्या केल्या. अर्ज मी टपालात टाकलाच नाही.

दोन पावसाळ्यांत बांध जाडजूड झाला, त्यावर तूर लागली. रोज संध्याकाळी दोघे एका ओटीवर बसून न्यायाधीशाची काळजी करत. म्हातारा माणूस, एवढे कागद कधी वाचणार!

एका दुपारी पोस्टमनने माझ्या नावाचं लांबट पाकीट आणलं. वर इंग्रजीत टाइप केलेलं. काका पांढरेफटक पडले. “फोडू नको रं!” म्हणत बाबांनी ते हिसकावून भाताच्या कणगीत खोल खुपसलं. हे तिकडचं नाही, असं छातीठोक सांगायचं तर अर्ज गेलाच नाही हेही सांगावं लागलं असतं.

उन्हाळ्यात कणगी रिकामी होत आली तेव्हा पाकीट निघालं. या वेळी मी ते फोडलंच. नोकरीच्या मुलाखतीचं बोलावणं होतं, दिवस कधीच उलटून गेलेला. माझं डोकं फिरलं. मान वर केली तर दोघे भाऊ एकमेकांना खेटून उभे, श्वास रोखून माझ्याकडे बघत होते.

“काय लागला रं निकाल?” काकांनी विचारलं.

“पुढची तारीख पडली,” मी म्हणालो, आणि दोघांचा जीव भांड्यात पडला.