नातीची कुऱ्हाड

आता हे तुम्हाला कुठून सांगावं, तेच कळत नाही. माया करायला गेलो आणि नातीला राक्षसाच्या तोंडी दिलं. चहा घ्या, सांगतो.

दिवाळीच्या सुट्टीत पूर्वा जळगावच्या कॉलेजातून आमच्याकडे शिंदखेड्याला आली होती. सोबत तिची मैत्रीण सायली. दोघींचा एक खेळ आहे. आपण गोष्टीतलं एक माणूस व्हायचं, शस्त्र घ्यायचं आणि वीस बाजूंचा फासा टाकून लढायचं. गोष्ट सायली सांगते, राक्षसही तीच. एक गडी कमी होता, म्हणून मला बसवलं.

पूर्वाची बाई दांडगी, हातात भली मोठी कुऱ्हाड. कॉलेजात गेल्यापासून जपलेली बाई. मेली की कायमची मेली, असा नियम. माझा माणूस काडीसारखा, पण चपळ. त्याला धनुष्य.

आता तुम्हीच सांगा, नातीने कुऱ्हाड वाहायची आणि आजोबाने हात हलवत चालायचं? बघवतं का?

मी म्हणालो, "बेटा, ते वझं माले दे. तू धनुष्य ले."

"आबा, तुमच्या माणसात ताकद नाही."

जन्मभर कपाशीची गाठोडी वाहिली मी. ताकद नाही म्हणे! हट्टच धरला. पोरीने माझं मन मोडलं नाही.

राक्षस आला. मी फासा टाकला, चांगले चौदा पडले. मिशीवर हात फिरवला. सायली म्हणाली, कुऱ्हाडीच्या घावाला फाशाच्या आकड्यात ताकद मिळवतात आणि माझ्या माणसाची तर उलट वजा होते. घाव हुकला, वर माझा माणूस कुऱ्हाडीसकट आडवा.

धनुष्याला लागते चपळाई. ती पूर्वाच्या बाईत नावाला नव्हती. तिचा बाण माझ्याच माणसाच्या टोपीत घुसला. मग राक्षसाने तिला असं झोडपलं, की आणखी एक फटका आणि बाई संपली. पूर्वा नखं खायला लागली.

"आबा, कुऱ्हाड फेका माझ्याकडे."

फेकायलाही ताकद लागते म्हणे. शेवटी पायाने सरकवली. तिने एका घावात राक्षस लोळवला.

दुसऱ्या दिवशी पोरी जळगावला परत निघाल्या. स्टँडवर मी सवयीने पूर्वाच्या बॅगेला हात घातला. तिने हसत बॅग खांद्यावर टाकली. तेवढ्यात दोन बस एकदम आल्या. तिने माझ्या हातात रुमाल दिला. "आबा, तुमचं काम चपळाईचं. खिडकीतून जागा धरा."

मी गर्दीत घुसलो. नेम धरला. रुमाल बरोबर सीटवर बसला.

रुमाल शिरपूरला गेला. पोरी जळगावपर्यंत उभ्याने गेल्या.