तिसऱ्या खांबाचा इतिहास

अमेरिकेतल्या आमच्या गावाजवळच्या नदीवर दगडी कमानींचा रेल्वेपूल आहे, एकोणिसाव्या शतकातला. त्याच्या इतिहासावर मी इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात लेख लिहिला, त्याला बरीच वर्षं झाली. त्या लेखातलं काहीही मी शोधून काढलेलं नव्हतं. हे आता लिहून टाकतो.

मी पुलांची तपासणी करणारा इंजिनिअर होतो. त्या पुलावर माझ्याबरोबर एक अमेरिकन मुकादम असे. हातोडीने दगड ठोकून तो कान लावी. खणखणीत वाजला की पुढे, बद्द वाजला की खडूची खूण. पुलाची सगळी हकिकत त्याने स्वतः गोळा केली होती. दगड कालव्यातून होड्यांनी कसे आले, पुरात तिसरा खांब कसा खचला, तो पुन्हा बांधताना दुसऱ्या खाणीतला दगड का घ्यावा लागला. सुट्टीच्या दिवशी जुन्या गवंड्यांच्या नातवंडांकडे जाऊन, विचारून विचारून त्याने हे वहीत उतरवलं होतं.

वही त्याने मला दिली. "तू शिकलेला माणूस. नीट जमलंय का बघ."

मी ती मराठीत उतरवली आणि वर माझं नाव घातलं. त्याला मराठी वाचता येत नव्हतं आणि मंडळात त्याला कोणी ओळखत नव्हतं, म्हणून धीर झाला. वही परत देताना म्हणालो, "छान लिहिलंयस." तो लाजला.

दिवाळीच्या कार्यक्रमात संपादिका म्हणाली, "काका, एवढा रिसर्च केलात तरी कधी?"

"सगळी नोकरी पुलाखाली काढली की येतं आपोआप!"

सगळे हसले. मीही हसलो.

गेल्या वर्षी माझ्या पंच्याहत्तरीची भेट म्हणून मुलीने मला न सांगता लेखाचं इंग्रजी भाषांतर केलं आणि गावच्या लायब्ररीतल्या पुलाच्या प्रदर्शनात लावलं. मुकादम तेव्हा हयात नव्हता. त्याची बायको आली होती. तिने उभ्याउभ्याच सगळं वाचलं, मग परत वरपासून बोट फिरवत आली आणि मुलीला म्हणाली, "यात त्याचं नाव कुठे आहे?"

"बाबा, हू इज शी टॉकिंग अबाउट?"

"पुलावर माझ्याबरोबर असायचा," एवढंच मी बोललो.

म्हातारी माझ्याकडे वळली. "तो नेहमी सांगायचा, त्याची वही नीट वाचणारे तुम्ही एकटेच." मग कोट चढवून गेली.

इथवरचा मजकूर मी मुलीला कालच वाचायला दिला. तो दिवाळी अंकात आणि लायब्ररीत, दोन्हीकडे लागावा, असं मी म्हणालो.

"ट्रान्सलेट मी करीन," ती म्हणाली. "पण आधी तुम्ही तिच्या घरी जाऊन सांगा."

शनिवारी जायचं ठरलं आहे. मुलगी मला दारापर्यंत सोडणार आहे. आत येणार नाही म्हणाली.